धरायचं तर ओल्या हातांनी

१

हे सगळं खरं आहे. दुकानाच्या गल्ल्याला हात लावून सांगतो. गल्ला भावाच्या नावावर आहे, पण हात माझा आहे. यातलं एक अक्षरही खोटं नाही. म्हणजे, एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगतो.

माझं नवी पेठेत छत्र्यांचं दुकान आहे. सोलापुरात छत्र्यांचं दुकान चालवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं आमच्या गल्लीत म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. इथं पाऊस लांबच्या पाहुण्यासारखा येतो, चपला न काढता दारातूनच परत जातो. माझ्या छत्र्या उन्हासाठी खपतात. उरलेला वेळ मी पायरीवर बसून लोकांना गोष्टी सांगतो. किल्ल्याच्या खंदकात मी लहानपणी मगरीला केळं भरवलं होतं, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे, की आता समोरच्या बांगड्यांच्या दुकानातला माणूस शपथेवर सांगतो, तेव्हा तो माझ्या शेजारी उभा होता.

तेव्हा मला खोटं चांगलं ओळखता येतं. म्हणूनच पुढचं सांगताना मला मजा येत नाही. मजा आणायचा प्रयत्न करून बघितला. होत नाही.

हणमंत माझा कॉलेजचा दोस्त. त्याचं गाव करमाळ्याच्या पुढं, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. दारात पाणी, पाण्यात त्याची होडी. हिवाळ्यात लोक तिकडं रोहित पक्षी बघायला जातात. त्यावरून मला कल्पना सुचली. पक्षी बघणारे बघून निघून जातात, मासे धरणारे मुक्काम करतात. छत्र्यांबरोबर मी गळाच्या काठ्या आणि रिळंही विकायचो, ती कुणी घेत नव्हतं. म्हटलं, काठी माझी, होडी हणमंताची, स्वयंपाक मुक्ताबाईचा. मुक्ताबाई म्हणजे हणमंताची बायको. पाण्याकाठी एक पत्र्याची खोली होती, तिला पांढरा रंग दिला, बाहेर दोन तंबू ठोकले, आणि पाटी लावली : निसर्ग पर्यटन.

आमच्या घरात मासा शिजत नाही. पण या धंद्यात मासा शिजवायचाच नसतो, हे मला नंतर कळलं.

२

ते कळलं दिग्विजयमुळं. हा पुण्याचा. कॉम्प्युटरवर कसलंसं काम करतो आणि सुट्टीत गळ टाकत भारतभर हिंडतो. आमचं पहिलं गिऱ्हाईक. पहिल्याच सकाळी त्यानं हणमंताला समोर बसवून नियम सांगितले.

"मासा लागला की काढायचा, फोटो घ्यायचा, आणि सोडून द्यायचा."

"सोडून द्याचा?" हणमंत म्हणाला. "मग धराचा कशाला?"

"खेळ आहे हा, हणमंतराव."

"ते माशाला सांगितलंय का कुणी? त्यो खेळतोय म्हणून?"

मुक्ताबाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. दिग्विजय मात्र गंभीर. त्यानं आपला गळ दाखवला. त्याच्या टोकाला उलटा काटा नव्हता, म्हणजे निघताना ओठ फाटत नाही, फक्त बारीक भोक पडतं. मग हात दाखवले.

"हे सगळ्यात महत्त्वाचं. माशाला हात लावायच्या आधी आपले हात पाण्यात बुडवायचे. त्याच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचा जीव. कोरड्या हातानं धरलंत तर थर आपल्या हाताला येतो. मासा पोहत जातो, आपल्याला वाटतं वाचला. मग तिथं बुरशी धरते."

"आणि?"

"आणि मरतो. पण आपण तोपर्यंत घरी गेलेलो असतो."

आणखी एक नियम होता. मासा वर धरला की आपणही श्वास रोखायचा. आपल्याला जड झालं, की मासा खाली. पाण्यात ठेवल्यावर एकदम सोडायचा नाही. पोटाखाली हात धरून पुढं-मागं, पुढं-मागं करायचं, झोळीतल्या लेकरासारखं. त्याला श्वास सापडला की तो आपला आपण जातो.

हणमंतानं हे सगळं इतकं मनापासून उचललं, की पुढच्या पाहुण्यांना तोच दटावू लागला. "सायेब, हात! हात वले करा आधी!" तरी एकदा एका पाहुण्यानं दांडगा कटला लागल्यावर हर्षवायू होऊन तसाच कवटाळला. कोरडा. फोटो भारी आला. काही दिवसांनी तो कटला आमच्याच काठाला तरंगत लागला. दोन्ही बाजूंना पांढरा कापूस फुटलेला. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला अंगठा, स्पष्ट. हणमंतानं तो वल्ह्यानं उलटा केला आणि म्हणाला, "ह्येला तर कुणी भाकरीगत थापलाय की."

आम्ही हसलो. मीसुद्धा.

३

पुढच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, मी त्या पत्र्याच्या खोलीत खाटेवर पडलो होतो. पाहुणे नव्हते. उन्हात पाणी दिसत नव्हतं, नुसता पांढरा पत्रा पसरल्यासारखं. खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खिळ्यांवर आडव्या टांगलेल्या आमच्या काठ्या. मुक्ताबाई उंबऱ्याशी डाळ निवडत होती. हणमंत होडी सावलीला ओढायला गेला होता.

कर्र्र्र.

तुम्ही मोठा मासा लागलेलं रीळ ऐकलं नसेल तर सांगतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सुटत जातो आणि रीळ ओरडतं. लांब कर्र्र्र, मग थांबतं, मग पुन्हा कर्र्र्र. मासा पळतो तेव्हा ओरडतं, मासा दमतो तेव्हा थांबतं. पाहुण्यांना हा आवाज ऐकायलाच तर यायचं असतं.

मी काठ्यांकडं बघितलं. सगळ्या भिंतीवर. एकही रीळ हलत नव्हतं.

आवाज छपराच्या वरून आला होता. मग तो पाण्याकडं न जाता उलटा, रानाकडं सरकला. मी मनाशी यादी केली. पत्रा तापून कुरकुरतोय. कुणाची मोटर सुरू होतेय. झाडावर किडा ओरडतोय. तिन्ही कारणं चांगली होती. दुकानात बसून मी याहून वाईट कारणं लोकांच्या गळी उतरवली आहेत.

"भाऊजी, कुणी रीळ खेळतंय का?" मुक्ताबाईनं मान न उचलता विचारलं.

"पत्रा तापलाय."

"व्हय का," ती म्हणाली, आणि डाळ निवडायची थांबली.

आवाज थांबत गेला. शेवटचे झटके अगदी आखूड होते.

थोड्या वेळानं हणमंत आला. पाण्याकडून नाही, रानाकडून. येऊन माझ्या पायथ्याशी बसला. तोंड उघडं, छाती वरखाली, आणि अंग हळूहळू पुढं-मागं. मी म्हटलं, ऊन लागलं. मुक्ताबाईनं चहा दिला. चहा त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळून सदऱ्यावर पडला, आणि त्याला ते कळलं नाही.

त्या कोपऱ्यात एक भोक होतं. कान टोचल्याएवढं. रक्त नाही, सूज नाही.

"काटा लागला का रे, हणम्या?"

"कुटं?" त्यानं ओठ चाचपला. "हितं? कळंना झालंय बग. बधिर झाल्यागत." मग बायकोकडं वळून म्हणाला, "भाकरी मातर लई झ्याक झालती, मुक्ते."

"कसली भाकरी?"

"त्या वरल्या खडकावर ठिवलीती न्हवं. वाफ निगत हुती."

"मी आज तवाच ठिवला न्हाय. सकाळच्याच हायत्या अजून टोपल्यात."

हणमंत विचारात पडला. रागानं नाही, घाबरून नाही. हिशोब चुकल्यावर माणूस पडतो तसा. "तरीच," तो म्हणाला. "लई गोल हुती. आन् एक बी बोट उठल्यालं नव्हतं."

हे नीट समजून घ्या. भाकरी हातावर थापतात. कितीही सुगरण असो, थापणारीची बोटं भाकरीवर उठतातच. मुक्ताबाईच्या भाकरीवर तर करंगळीची खूण वेगळी ओळखू येते. बोटं न उठलेली भाकरी म्हणजे आमिष. दिग्विजयच्या गळांच्या डब्यात रबराचे बेडूक असतात, हुबेहूब. फक्त ते बेडूक नसतात.

पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मी म्हटलं, कुणा गुराख्याची असेल. म्हणून टाकलं.

४

त्यानंतर हणमंत चेष्टा करेनासा झाला. भांडेनासाही झाला. सांगितलं तेवढं करायचा, विचारलं तेवढं बोलायचा. मुक्ताबाईनं एकदा मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाही. जेवला. दुसऱ्या दिवशी मूठभर घातलं. जेवला. मिरचीचा ठेचा त्यानं माझ्यासमोर लोणी खावं तसा खाल्ला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा कोरा.

"चव लागत न्हाय कशालाच," तो म्हणाला. "त्या भाकरीला तेवढी हाय."

"हाय म्हणजे? पुन्हा खाल्लीस का काय?"

त्यानं ओठ पुढं केला. जुन्या भोकाशेजारी दुसरं होतं.

"गावलं तर सोडाचं का, म्हैश्या?" तो मला म्हणाला. "कळतंय रं मला. खडकापाशी गेलो की कळतंय, ही मुक्तीची न्हाय. पण जीभ वळवळती."

मी दिग्विजयला फोन लावला. सरळ विचारायला लाज वाटली, म्हणून माशांचं विचारलं. एकच मासा पुन्हा लागतो का?

"लागतो ना," तो उत्साहानं म्हणाला. "ओठावर जुनी भोकं दिसतात, त्यावरून ओळखायचा. शहाणा मासासुद्धा परत येतो."

"असा किती वेळा चालतो तो?"

"ते माशावर नसतं, काका. धरणाऱ्यावर असतं. नीट धरला तर म्हातारा होऊन मरेल."

फोन स्पीकरवर होता. मुक्ताबाई शेजारी उभी होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं आणि तिनंही मला काही सांगितलं नव्हतं. तिनं फक्त हात पुसले.

"भाऊजी, ह्यांना सोलापूरला घिऊन जावा," ती म्हणाली. "पाण्यापासनं लांब. लेक नांदायला गेली, घरात आमी दोगंच. मला ह्यो माणूस पायजे. मुका का असंना."

दुसऱ्या दिवशी मी त्याला एसटीत बसवलं. तो खिडकीशी बसला, तोंड उघडं ठेवून. मोहोळला मी खाली उतरून भजी आणली. त्यानं ती माझ्या समाधानासाठी खाल्ली.

५

आमच्या दुकानाच्या वर एक माडी आहे. अरुंद लाकडी जिना, वर एक खोली, खोलीत छत्र्यांचे खोके आणि रस्त्याकडं एक खिडकी. तिथं त्याची पथारी टाकली. खाली नवी पेठ : रिक्षांचे हॉर्न, साड्यांच्या दुकानांतली बोलावणी, दागिन्यांच्या दुकानापुढं बायकांची गर्दी. पाणी म्हणाल तर नळाला येईल तेवढंच. मी निर्धास्त होतो.

आणि मजा सांगू? हणमंत उत्तम विक्रेता निघाला. गिऱ्हाईकानं विचारलं, "टिकेल का?" की मी शपथा घ्यायचो. तो त्या कोऱ्या चेहऱ्यानं म्हणायचा, "वाऱ्यात उलटी हुईल." लोक ताबडतोब विकत घ्यायचे. भाऊ म्हणाला, "यालाच ठेव, तू घरी बस."

मुक्ताबाई रोज फोन करायची.

"जेवलं का?"

"जेवला."

"कुटं गेलं न्हाईत न्हवं?"

"कुठं जातोय, वहिनी. पायरीवर बसलाय. त्याच्यामुळं माझ्या गोष्टी बंद पडल्यात. मगरीचं सांगायला लागलो की म्हणतो, खंदकात मगर नव्हती."

ती हसली. फार दिवसांनी हसली असावी, कारण मध्येच थांबून तिनं विचारलं, "ते बी हसलं का?"

"हसला की," मी म्हणालो.

तो हसला नव्हता. पण मी ज्याला खोटं म्हणतो त्यात हे बसत नाही.

त्या दिवशी दुपारी भाऊ जेवायला घरी गेला होता. रस्ता उन्हानं मोकळा पडला होता. घरून आलेला डबा माझ्यापुढं होता. मी हाक मारली, "हणम्या, चल, पोळ्या गार होतील."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा होता, वर बघत. नाकपुड्या हलत होत्या.

"वर ठिवलीय की," तो म्हणाला, आणि चढला.

मला वाटलं, तो पाण्याच्या तांब्याबद्दल बोलतोय. मी डबा उघडायला घेतला. पहिलं झाकण निघालं, आणि तेव्हा मला वास आला. तव्यावरून आत्ता उतरलेल्या ज्वारीच्या भाकरीचा. आमच्या डब्यात पोळ्या होत्या.

कर्र्र्र.

आम्ही त्याला पाण्यापासून लांब आणलं होतं. आता तुम्हीच सांगा, गळ टाकणारा कधी पाण्यात राहतो का? पाण्यात मासा राहतो. गळ टाकणारा बाहेर असतो, सावलीला बसलेला, आणि त्याला दुसरं तळं चालतं.

६

मी जिना चढलो. धावत नाही. हे मला अजून समजत नाही, की मी धावलो का नाही. घाबरलो होतो असंही नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तसं सगळ्या अंगाला झालं होतं.

रीळ वर ओरडत होतं. थांबत होतं. पुन्हा ओरडत होतं. खोके घसरल्याचे, टाचा फळीवर घासल्याचे आवाज. मग झटके आखूड झाले. मग शांत.

जिन्याच्या वरच्या वळणावरून माडीचं दार अर्धंच दिसतं. त्या अर्ध्यात जेवढं दिसलं, तेवढंच सांगतो.

हणमंत आडवा होता. फळीवर नाही, पथारीवर नाही. खोलीच्या मधोमध, माझ्या छातीच्या उंचीवर, आडवा. खाली काही नाही. हात लोंबत होते. हनुवटी वर, तोंड उघडं, ओठाचा उजवा कोपरा वरच्या अंगाला ताणलेला. एक डोळा माझ्याकडं होता. तो मिटत नव्हता.

बरगड्यांपाशी त्याचा शर्ट आत दाबला गेला होता. माझ्या बाजूला लांब लांब चार खळगे. त्यांतला एकेक माझ्या मनगटाएवढा. दुसऱ्या बाजूचं मला दिसत नव्हतं.

आणि खळग्यांभोवती शर्ट ओला होता. ओलीचा गडद डाग पसरत चालला होता. सांगायला विचित्र वाटतं, पण तो डाग बघून मला बरं वाटलं. मनात म्हटलं, हात ओले केलेत. नियम माहीत आहेत.

त्याला किंचित वरखाली केलं गेलं. मी कलिंगड घेताना करतो तसं. मग खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. तिथं क्षणभर धरलं. आणि खोली एकदा पांढरी झाली. खोके, भिंत, दोरीवरच्या काळ्या छत्र्या, सगळं एकदम पांढरं, आणि पुन्हा होतं तसं. खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. ते भांडण मध्ये थांबलं नाही.

मी श्वास रोखला होता, हे मला श्वास संपल्यावर कळलं. मी श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. तो अजून वरच होता.

मग त्याला खाली आणलं. फळीच्या जरा वर थांबवलं, आणि पुढं-मागं, पुढं-मागं. बराच वेळ. मायेनं करावं तसं. त्याची छाती एकदा हलली, मग दुसऱ्यांदा.

मग सोडलं.

मी आत गेलो तेव्हा तो खोक्यांना टेकून बसला होता. एका खोक्याच्या झाकणावर वाफेचा गोल ओलावा होता, भाकरीएवढा. तो माझ्या डोळ्यांदेखत वाळला.

"म्हैश्या," हणमंत म्हणाला, "सोडताना लई हळू सोडलं रं."

७

मी फोन केला, तशी मुक्ताबाई मिळेल त्या एसटीनं आली. पेठेत रिक्षातून उतरली, दुकानातल्या कुणाकडं न बघता जिना चढली. मीही मागून गेलो. हणमंत भिंतीकडं तोंड करून झोपला होता. ती त्याच्याजवळ गेली, पण हात लावला नाही. माझ्याकडं वळली.

"भाऊजी, आज मला गोष्ट नको. बघितलंय तेवढं सांगा."

मी सांगितलं. तुम्हाला सांगितलं तसंच, त्याच क्रमानं.

"हात वले हुते?" तिनं विचारलं.

"ओले होते, वहिनी. शर्टावर डाग पडला होता."

"नक्की बघितलंत?"

"या डोळ्यांनी."

तिनं मोठा श्वास सोडला. मग कोपऱ्यातल्या बादलीपाशी गेली, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले, आणि तशाच निथळत्या हातांनी त्याच्या कपाळाला हात लावला.

आता तो गावीच आहे. तंबू काढले, पाटी उतरवली. दिग्विजयचा फोन आला की मी सांगतो, पाणी आटलंय. मागच्या रविवारी जाऊन आलो. मुक्ताबाईनं त्याला पत्र्याच्या खोलीत, दारातून वारा येतो तिथं, खाटेवर ठेवला आहे. खाटेशेजारी पाण्याचं घमेलं असतं. ती दरवेळी आधी त्यात हात बुडवते, मग त्याला उठवते, पुसते, भरवते. दिवसभर तिचे हात ओले असतात. बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली आहे. तिनं थापलेल्या भाकरीवर आता बोटं आणखी खोल उठतात. तिला वाटतं, त्यावरून तरी तो ओळखेल.

तिनं त्याचा सदरा वर करून मला दाखवला. बरगड्यांवर पांढरं आलं आहे. कापसासारखं, बारीक. एका बाजूला चार पट्टे.

"डाक्तर म्हनलं, उन्हाळ्याची बुरशी हाय, मलम लावा," ती म्हणाली. "भाऊजी, हात तर वले हुते न्हवं? मग ह्ये कसलं?"

"घामोळं चिघळलं असेल, वहिनी. उन्हाळा आहे."

"व्हय," ती म्हणाली, "तसंच असंल." आणि घमेल्यात हात बुडवले.

वहिनी, हे लिखाण कुणी तुमच्या हातात दिलंच, तर तुम्ही इथं थांबा. पुढचं तुमच्यासाठी नाही.

बाकीच्यांना सांगतो. खंदकात मगर नव्हती, ते हणमंताचं बरोबर आहे. पण ती गोष्ट या गोष्टीतली नाही. यातलं रीळ खरं आहे. बोटं न उठलेली भाकरी खरी आहे. पांढरी झालेली खोली, ते पुढं-मागं झुलवणं, सगळं मी जसं बघितलं तसं आहे. मी रचलेलं एकच आहे. ते मी जिना उतरण्याआधीच रचून ठेवलं होतं, कारण मुक्ताबाई काय विचारणार, हे मला ठाऊक होतं.

शर्ट ओला नव्हता.

हणमंताला धरून उठवताना मी त्याच्या बरगड्यांना दोन्ही बाजूंनी हात लावून बघितला. शर्ट इस्त्री केल्यासारखा कोरडा होता. भर उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या माडीवर, इतकी झटापट झाल्यावर माणसाच्या अंगाला घाम तरी असायला हवा. तोही नव्हता. तो धरणाऱ्याच्या हाताला गेला होता.